सुपरचार्जर लावलेली पिकअप: पकड, ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोलच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५: गाडी, वजन, गणित

चार दारांची पिकअप, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) ३.६८ मीटर. ५ लिटरचं व्ही-८ इंजिन, वर सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप), कमाल टॉर्क (फिरवण्याची ताकद) ७८० न्यूटन-मीटर. सहा गिअरचा ऑटोमॅटिक, मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३, टायर २७५/६५ आर १८. मागे पाटे (लीफ स्प्रिंग), मूळचेच.

तक्रार अशी: ओल्या रस्त्यावर अर्ध्या पेडललाच मागची चाकं जागेवर फिरतात, कोरड्यावर दुसऱ्या गिअरपर्यंत तेच. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद तोडणारी यंत्रणा) मध्ये पडलं की इंजिन एकदम बसतं आणि मग धक्का देऊन उसळतं. वळणात हा धक्का बसला की मागचा भाग बाहेर जातो.

काट्यावर, हौदा रिकामा ठेवून: एकूण २३५० किलो, पुढे १३६३, मागे ९८७. म्हणजे ताकद जिथून जमिनीवर उतरायची तिथे जेमतेम ४२ टक्के वजन.

गुरुत्वमध्य ७२ सेंटिमीटर उंचीवर धरला. सुटताना वजन मागे सरकतं तेही हिशोबात घेतलं. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.९ धरून मागची दोन चाकं मिळून सुमारे १०,६०० न्यूटन पेलतात, टायरच्या त्रिज्येने गुणलं की चाकांवर ४१८० न्यूटन-मीटर. ओल्यावर घर्षणांक ०.५ धरला तर फक्त २१२०.

आता इंजिनकडून काय येतं ते. पहिल्या पाच गिअरची गुणोत्तरं ४.१७, २.३४, १.५२, १.१४, ०.८७, वाटेतला घाटा १५ टक्के. चाकांवर पहिल्यात १०,३०० न्यूटन-मीटर, दुसऱ्यात ५७९०, तिसऱ्यात ३७६०, चौथ्यात २८३०, पाचव्यात २१४०. आणि पहिल्यात टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या द्रवाच्या जोडाची) वाढ अजून धरलेलीच नाही. कोरड्यावर तिसऱ्या गिअरपासून गाडी पूर्ण टॉर्क झेलते. ओल्यावर पाचव्यातही काठावर आहे. हायवेवर पावसात ओव्हरटेक करताना शेपूट हलते ती यामुळे, ड्रायव्हरचा पाय जड आहे म्हणून नव्हे.

कामाचा क्रम यावरूनच ठरला. आधी रबर आणि सस्पेन्शन, मग सेन्सर खरं बोलतात का ते, मग टॉर्कवर मर्यादा. एबीएस मॉड्यूलच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारा कंट्रोलर; ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोलही तोच चालवतो) आतल्या कॅलिब्रेशनला हात लावायचा नाही. बटण दाबून सगळं बंद करणं हा उपाय यादीत नाही.

९ जानेवारी: टायर

मागच्या टायरांत ६५ पीएसआय हवा होती. जड वाहनाच्या जातीचा टायर आहे म्हणून हवा ठासून भरायची, ही सवय सर्रास दिसते. एका मागच्या चाकावर रिकाम्या गाडीत ४९४ किलो येतात. एवढ्या वजनाला ६५ पीएसआयने टायरचा मधला पट्टा फुगतो आणि कडा उचलल्या जातात. ट्रेडवर आडव्या खडूच्या रेघा मारून गाडी सपाट जमिनीवर सरळ चालवली: मधला खडू गेला, दोन्हीकडच्या तीन-तीन बोटं कडा शाबूत. हवा थोडी थोडी उतरवत ४२ वर आणली तेव्हा खडू सारखा पुसला.

दारावरच्या पट्टीवर छापलेल्या दाबाच्या खाली जायचं नाही. पट्टीवरचा आकडा मूळ जातीच्या टायरसाठी असतो. जात बदलली की टायरच्या लोड टेबलातून तेवढंच वजन पेलणारा दाब काढायचा आणि तो किमान धरायचा. हौदा भरला की पुन्हा टेबलाप्रमाणे वाढवायचा.

दुसरी गोष्ट ट्रेडची. पुढे ९ मिलिमीटर, मागे ५. त्रिज्येत ४ मिलिमीटरचा फरक, म्हणजे मागची चाकं कायम १ टक्का जास्त फिरतात. एबीएसच्या दृष्टीने ही कायमची १ टक्का स्लिप (चाकाची घसरण). हळूहळू होणारा फरक बहुतेक मॉड्यूल शिकून घेतात, पण इथे पुढचे टायर नवे टाकल्यावर फरक एका दिवसात तयार झाला. चारही एकाच मापाचे, एकाच मॉडेलचे टायर बसवले, थोडं मऊ रबर असलेले. मागे रुंद आणि पुढे अरुंद अशी जोडी दिसायला बरी, पण परिघात फरक आला तर पुढच्या सगळ्या कामावर पाणी.

१६ जानेवारी: पाटे आणि ट्रॅक्शन बार

चाकांची उडी आधी मोडायची. जोरात सुटताना ॲक्सलचं घर उलट दिशेला पिळतं, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, पिनियनचं (डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरचं) नाक वर उठतं. टायर सुटला की पाटे सरळ होतात, टायर पुन्हा चिकटतो, पुन्हा वळतात. हे सेकंदाला दहा-बारा वेळा होतं. यात युनिव्हर्सल जॉइंटचे क्रॉस आणि पिनियनचे दात जातात, ते एक. दुसरं असं की चाकाच्या वेगात हीच थरथर उमटते आणि ट्रॅक्शन कंट्रोलला चाक क्षणाला घसरतंय, क्षणाला धरतंय असं दिसतं. अशा सिग्नलवर कुठलाही कंट्रोलर चोख काम करू शकत नाही.

काम: चासी स्टँडवर, ॲक्सल जॅकवर. जुने यू-बोल्ट (ॲक्सल पाट्यांना बांधणारे) कापून टाकले. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत वापरायचा नाही. नवे बोल्ट तिरके-तिरके, तीन टप्प्यांत, मॅन्युअलच्या टॉर्कने कसले. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पाना लावायचा, कारण पाटे आणि पॅड बसतात आणि बोल्ट ढिला पडतो.

ट्रॅक्शन बारचं (ॲक्सलचं पिळणं रोखणाऱ्या दांड्याचं) मागचं टोक ॲक्सलच्या घराला, पुढचं टोक चासीला, पण झुलत्या शॅकलमधून. पुढचं टोक चासीला थेट पक्कं केलं तर खड्ड्यात बार अडतो: पाट्यांवर बसलेला ॲक्सल दबताना मागे सरकतो आणि बारचं वर्तुळ वेगळं असतं. सस्पेन्शन कडक झालं, मागचा भाग वळणात उडतो, अशी तक्रार बार लावल्यावर आली तर पहिला संशय इथे घ्यावा.

लांबी लावायची ती गाडी चारही चाकांवर उभी असताना, सीटवर ड्रायव्हरएवढं वजन ठेवून. पुढचा बोल्ट हाताने, ठोकल्याशिवाय, आरपार सरकला पाहिजे. हातोडी लागली म्हणजे बारमध्ये ताण आहे. एका बाजूला ताण आणि दुसरीकडे नाही, असं राहिलं तर पेडल दाबल्याबरोबर गाडी एका अंगाला ओढते, आणि ते ओढणं स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी भरकटू न देणारी यंत्रणा) निमूटपणे ब्रेक मारून सुधारत बसतं. बाहेरून कळतही नाही, फक्त एका बाजूचं ब्रेक पॅड लवकर झिजतं.

पिनियनचा कोन प्रोपेलर शाफ्टच्या रेषेच्या तुलनेत २° खाली ठेवला. पाट्याखाली पाचर घालून कोन जुळवला. पाचर पोलादी घ्यावी. मऊ ॲल्युमिनियमची चेपते आणि यू-बोल्ट सुटतात.

२१ जानेवारी: डिफरन्शियल

क्लच-प्लेटचं लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफरन्शियल) आहे, तेच ठेवलं. तेल ७५डब्ल्यू-१४०, त्यात ११८ मिलिलिटर फ्रिक्शन मॉडिफायर. तो कमी पडला तर पार्किंगमध्ये वळताना प्लेटा करकरतात; जास्त ओतला तर लिमिटेड स्लिप नावापुरतंच उरतं. तेल भरल्यावर मोकळ्या जागेत सावकाश आठ आकड्यात गाडी फिरवायची, म्हणजे ते प्लेटांत शिरतं.

पूर्ण लॉकर घ्यावा असा आग्रह नेहमी होतो. पण स्टॅबिलिटी कंट्रोलचं सगळं कसब एकेक चाक वेगळं ब्रेक करण्यात आहे, आणि दोन्ही मागची चाकं एकमेकांना बांधली की मागच्या एका चाकाला मारलेला ब्रेक दुसऱ्यालाही जातो. म्हणून कारखान्यातून लॉकर येणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये लॉक लागला की स्टॅबिलिटी कंट्रोल बंद होतं किंवा पातळ होतं. चिखलात ठीक. ७८० न्यूटन-मीटरच्या गाडीला पावसाळी रस्त्यावर नाही.

२७ जानेवारी: हौद्यात वजन

ॲक्सलच्या बरोबर वर १५० किलो. गणिताने कोरड्यावरची ओढ १५ टक्क्यांनी वाढते. हे वजन मागच्या फाळक्याजवळ ठेवलं तर मागच्या ॲक्सलवर आणखी थोडं येतं खरं, पण पुढचा भाग हलका होतो आणि गाडी एकदा फिरायला लागली की थांबवणं जड जातं.

बांधणं महत्त्वाचं. युरोपातल्या ईएन १२१९५ मानकात पुढच्या दिशेला ०.८ जी धरतात. १५० किलोला ते सुमारे ११८० न्यूटन. नुसती वाळूची पोती टाकून निघणं नको. पोती पुढच्या भिंतीपर्यंत फळ्यांनी अडवली, वरून दोन पट्टे.

३ फेब्रुवारी: सेन्सर खरं बोलतात का

स्टॅबिलिटी कंट्रोलला दोन प्रश्न पडतात: ड्रायव्हरला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चाललीय. पहिल्याचं उत्तर स्टिअरिंग कोनाचा सेन्सर आणि चाकांचा वेग देतो, दुसऱ्याचं यॉ-रेट (गाडी उभ्या अक्षाभोवती किती वेगाने वळते) आणि आडव्या त्वरणाचा सेन्सर. दोन उत्तरांत ठरावीक अंतर पडलं की ब्रेक. शेपूट बाहेर जात असेल तर बाहेरच्या पुढच्या चाकाला, नाक सरळ जात असेल तर आतल्या मागच्या चाकाला.

यू-बोल्ट सोडले होते, त्यामुळे ॲलाइनमेंट आधी. थ्रस्ट अँगल (मागच्या ॲक्सलचा गाडीच्या मध्यरेषेशी असलेला तिरपेपणा) ०.३° निघाला. ऐकायला किरकोळ, पण गाडी सरळ जायला पुढची चाकंही तेवढीच वळवावी लागतात, आणि स्टिअरिंगचं गुणोत्तर १७ धरलं तर स्टिअरिंग व्हील ५° वाकडं बसतं. ते खुणेवरून सरळ दिसावं म्हणून टाय रॉड फिरवून भागवायचं नाही. ॲक्सल सेंटर बोल्टच्या भोकात सरकला होता. सैल करून ओढून बसवला, थ्रस्ट अँगल शून्यावर आला, मग पुढचा टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल), मग स्कॅनरने स्टिअरिंग सेन्सरचं शून्य.

यॉ-रेट सेन्सरचं शून्य सपाट फरशीवर, इंजिन चालू, दारं बंद, गाडीत कोणी हलत नाही अशा स्थितीत. लिफ्टवर किंवा उतारावर करायचं नाही.

पडताळणी: ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ शंकू लावून आखलं, ताशी ४० किलोमीटरने फिरलो. यॉ-रेट सेकंदाला २१.२° आणि आडवं त्वरण ०.४२ जी यायला हवं. डावीकडून आणि उजवीकडून आकडे सारखे हवेत. एकीकडे २१ आणि दुसरीकडे २३ आले तर शून्य चुकलंय. दोन्हीकडचे आकडे सारखे पण वेगाशी जुळत नसतील तर टायरचा परीघ मॉड्यूलमध्ये चुकीचा भरलाय.

तारा: मागच्या चाकाच्या सेन्सरची वायर नव्या ट्रॅक्शन बारच्या ब्रॅकेटला घासत होती. ती क्लिप लावून वर घेतली. अशी वायर सुरुवातीला फक्त खड्ड्यात एखादा क्षण तुटते. कोड पडत नाही, पण त्या चाकाचा वेग शून्य दिसतो आणि कोरड्या रस्त्यावर ट्रॅक्शनचा दिवा लुकलुकतो. हब बेअरिंगमध्ये खेळ असला तरी तेच होतं. यू०१२६ कोड आला तर मात्र स्टिअरिंग सेन्सरशी संपर्कच तुटलाय, तिथे शून्य करत बसण्यात अर्थ नाही.

१० फेब्रुवारी: इंजिन का बसतं

लॉगिंग कॅन बसवरून (गाडीतल्या कंट्रोलरांना जोडणाऱ्या तारांवरून), सेकंदाला १०० वेळा. साध्या ओबीडी (गाडीच्या निदानाच्या) ॲपवर सेकंदाला दोन-चार आकडे मिळतात, त्यात हा प्रकार दिसतच नाही. घेतलेले चॅनल: चारही चाकांचे वेग, पेडल, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप), इग्निशन, एबीएसने मागितलेला टॉर्क, इंजिनने सांगितलेला टॉर्क, यॉ-रेट, ब्रेकचा दाब. स्लिप म्हणजे मागचा वेग वजा पुढचा वेग, भागिले मागचा वेग. कोरड्या डांबरावर टायरची सगळ्यात जास्त ओढ साधारण १० ते १५ टक्के स्लिपला मिळते. त्यापुढे ओढ थोडीच घटते, पण आडवी पकड भराभर जाते. वळणातला धोका हाच.

लॉगमधला जोरात सुटण्याचा एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. स्लिप २० टक्क्यांवर जाते. एबीएस म्हणतं, २५० न्यूटन-मीटरच्या वर जाऊ नको. इंजिनचं कंट्रोलर उत्तर देतं, २५० देतोय. पण सुपरचार्जरच्या ट्यूनिंगमध्ये हवेचं गणित असं दडपलंय की खऱ्या ७८० ला कंट्रोलर ५६० समजतो. तेव्हा त्याचे २५० म्हणजे जमिनीवर सुमारे ३५०. चाक फिरतच राहतं. एबीएस मागणी १०० वर आणतं, मग शून्यावर. थ्रॉटल पूर्ण बंद. आता चाक धरतं, मर्यादा उठते, थ्रॉटल उघडतं, पण रिकाम्या झालेल्या इनटेकमध्ये दाब तयार व्हायला वेळ लागतो. तोवर ड्रायव्हरने पेडल आणखी दाबलेलं असतं. दाब येतो तो एकदम. हाच तो धक्का.

ट्रॅक्शन कंट्रोल बिघडलेलं नाही. त्याला खोटा आकडा मिळतोय.

दुसरी गोष्ट त्याच लॉगमध्ये: टॉर्क कमी करताना इग्निशन जागचं हललं नाही. ठिणगी मागे ओढली की पुढच्याच ज्वलनाला टॉर्क पडतो. थ्रॉटलला सुपरचार्जर आणि इंटरकूलरमधली सगळी हवा उपसावी लागते. गिअर कडक पडावेत म्हणून काही ट्यूनर टॉर्क-घटीचं इग्निशन टेबल बंद करतात. त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलचा वेगवान हातच जातो आणि सगळा भार संथ थ्रॉटलवर येतो.

दुरुस्ती: डायनोवर (टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलेल्या टॉर्कशी जुळेपर्यंत हवा-ते-टॉर्क टेबल सुधारलं; फरक ५ टक्क्यांच्या आत आल्याशिवाय पुढे गेलो नाही. इग्निशनची घट परत चालू केली, पण थोडा वेळच, मग थ्रॉटलने जागा घ्यायची. ठिणगी उशिरा ठेवून जास्त वेळ चालवलं तर एक्झॉस्ट तापतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळतो.

१८ फेब्रुवारी: गिअरप्रमाणे टॉर्क मर्यादा

६ जानेवारीचंच गणित उलटं फिरवलं. कोरड्यावर पहिल्यात ३१६, दुसऱ्यात ५६३ न्यूटन-मीटर इंजिन टॉर्क पकडीच्या सीमेवर येतो. थोडी स्लिप हवीच म्हणून मर्यादा ३४० आणि ५९०, तिसऱ्यापासून मोकळं. जागेवरून सुटताना कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करतो, म्हणून पहिल्या गिअरमध्ये १८० पासून सुरुवात आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत ३४० वर चढण. ओल्या मोडसाठी १७०, ३००, ४५०, ६००.

हे आकडे हौद्यातलं वजन न धरता ठेवले आहेत. वजन उद्या उतरवलं जाईल, टेबल कोणी बदलणार नाही.

मर्यादा ड्रायव्हरच्या मागणीच्या टेबलात घातली, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही तेवढंच मागितलं जातं. पहिल्या ३० टक्के पेडलला २० टक्के टॉर्क, आलेखाचं वळण मऊ. ट्रॅक्शन कंट्रोलला आता क्वचितच हात घालावा लागतो, आणि घातला तरी थोडाच.

२४ फेब्रुवारी: ओलं मैदान

बंद मैदान, टँकरने भिजवलेलं. एकच टप्पा पुन्हा पुन्हा: दुसऱ्या गिअरमध्ये वर्तुळात स्थिर वेग, मग पेडल ठरावीक दाबायचं. आधीच्या लॉगमध्ये स्लिप ३५ टक्क्यांपर्यंत आणि थ्रॉटल शून्यावर. आता १२ ते १४ मध्ये फिरते, थ्रॉटल पूर्ण बंद कुठेच होत नाही.

बटणाबद्दल. बहुतेक पिकअपमध्ये एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं; चिखलातून निघायला, वाळूत, चेन लावल्यावर ते योग्य आहे. काही सेकंद धरून ठेवलं की स्टॅबिलिटी कंट्रोलही सैल किंवा बंद होतं. काहींत विशिष्ट वेगापुढे ते आपोआप परत येतं. उलटण्याविरुद्धचा भाग अनेकदा बंद होतच नाही. नक्की काय होतं ते त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावं आणि दिवा कुठला पेटतो ते लॉगशी ताडून घ्यावं.

अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस १२६ या वाहन सुरक्षा मानकातली स्टिअरिंग चाचणी, ताशी ८० किलोमीटरला ०.७ हर्ट्झची लाट आणि मध्ये अर्ध्या सेकंदाचा थांबा, इथे करायची नाही. उंच गाड्यांना त्या चाचणीत बाजूला आधाराचे दांडे लावतात. आपल्याकडे ते नाहीत.

३ मार्च: ४ बाय ४

ऑटो मोडमध्ये पुढच्या चाकांना भागीदारी मिळाली तर कोरड्यावर पकड जवळपास दुप्पट, २०,७०० न्यूटनच्या आसपास. पण तेवढा टॉर्क ट्रान्सफर केसचा (पुढच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) क्लच, साखळी आणि पुढचे सीव्ही जॉइंट यांतून जातो, आणि ते मूळ इंजिनच्या हिशोबाचे आहेत. म्हणून ऑटो मोडमध्येही पहिल्या गिअरची मर्यादा ३४० वरच ठेवली. पुढची-मागची चाकं पक्की जोडणारा हाय-रेंज मोड कोरड्या डांबरावर लावायचा नाही, वळताना पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि सगळा पीळ साखळीत साठतो. लो-रेंजमध्ये बहुतेक गाड्या स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करतात, ते हेतुपुरस्सर.

लांब चिखलात ट्रॅक्शन कंट्रोल अचानक गप्प झालं तर घाबरू नये. ब्रेक किती तापले असतील याचा अंदाज मॉड्यूल ठेवतं आणि सीमेपलीकडे ब्रेक मारणं थांबवतं. गार होऊ द्यायचं.

१० मार्च: ब्रेक ऑइल, आणि उंची वाढवण्याची मागणी

ब्रेक ऑइल कमी चिकटपणाचं डॉट ४ भरलं. स्टॅबिलिटी कंट्रोलचा पंप ड्रायव्हरने पेडल न दाबता ऑइल ओढतो. उणे ४० अंशांना या जातीची चिकटपणाची मर्यादा ७५० चौरस मिलिमीटर प्रति सेकंद आहे, साध्या डॉट ४ ला १८००. थंडीत पंपाचा वेळ यावर ठरतो. हवा काढताना स्कॅनरने मॉड्यूलचे व्हॉल्व्ह उघडावे लागतात, नुसतं पेडल मारून आतल्या मार्गिकांतली हवा निघत नाही.

गाडी उंच करायची आणि ३५ इंची टायर टाकायचे, अशी मागणी आली आहे. ट्रॅकची रुंदी १.७२ मीटर, गुरुत्वमध्य ०.७२ वर: रुंदी भागिले दुप्पट उंची, १.१९. हा आकडा जितका कमी, तितकी गाडी लवकर उलटते. गुरुत्वमध्य ०.८० वर गेला की १.०८. टायरचा परीघ ९ टक्क्यांनी वाढतो, तो मॉड्यूलमध्ये भरता येतो. पण उलटण्याविरुद्धचं कॅलिब्रेशन जुन्या उंचीचंच राहतं आणि ते बदलण्याची सोय स्कॅनरमध्ये नाही. या गाडीत, या टॉर्कवर, नकार कळवला. २७५/६५ आर १८ वरच राहायचं. यू-बोल्टचा दुसरा टॉर्क आणि थ्रस्ट अँगलची फेरतपासणी एकाच दिवशी करायची.